शनिवारच्या कट्ट्यावरची पस्तिशीतली बाई

पत्राचा सारांश: सांगलीत विश्रामबागला एकट्या राहणाऱ्या, ६१ वर्षांच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र. यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून टोरांटोला. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावर भरणारी भिशी सुटली. दीड वर्षापूर्वी मुलाने येताना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारं यंत्र, आणला, दहा मिनिटांत आईचा एक 'अवतार', म्हणजे त्या जगातलं रूप, बनवून दिला आणि तो परत गेला. अवतार दिसतो पस्तिशीतला. त्या आभासी जगात दर शनिवारी संध्याकाळी सहाला मराठी माणसांचा एक कट्टा भरतो. पुणे, नागपूर, बहारीन, न्यू जर्सी अशा ठिकाणांहून अकरा-बारा जण येतात आणि जुनी नाटकं मोठ्याने वाचतात. बाईंनी तिथे वेगळं नाव घेतलं आहे. वय कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एकदा मात्र 'सोमवारी ऑफिस आहे' असं बोलून गेल्या. नागपूरच्या एका निवृत्त, विधुर गृहस्थांशी वाचनानंतर गप्पा होतात. आता कट्ट्याने ठरवलंय, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनासाठी सगळ्यांनी सांगलीला यायचं. तेव्हापासून बाईंची झोप उडाली आहे. हरिपूरच्या जाऊबाई म्हणतात, 'बाहुल्यांशी बोलत बसतेस, बंद कर ते.' बाई विचारतात: हे सगळं खोटं आहे का? कट्टा गुपचूप सोडावा की खरं सांगावं? आणि डी.एड.च्या बॅचला चाळीस वर्षं होत आहेत, निम्म्यांना प्रवास झेपत नाही, तर ते संमेलन अशाच जगात भरवावं का, की 'मी जिथे अडकले तिथे बाकीच्यांना ओढू नये'?

ताई,

तुमच्या आठ पानी पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. 'सहाच्या आत देवापाशी दिवा लावते, मग अंबाडा सोडते, कारण अंबाड्यावरून त्या यंत्राचा पट्टा बसत नाही.' त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, हे आपल्या आयांनी किती वेळा बजावलंय. तुम्ही अशा गोष्टी पाळणाऱ्या आहात, हे बाकीच्या पत्रावरून कळतंच. तरी दर शनिवारी तुम्ही अंबाडा सोडता. त्या दीड तासात जे मिळतं त्याचं मोल तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही त्याला 'खोटं' म्हणायला तुम्ही तयार झाला आहात. आधी त्याबद्दलच बोलू.

'खोटं' हा शब्द मुळात जाऊबाईंचा असावा. त्यांच्या दृष्टीने त्या बाहुल्या आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? डोळ्यांवर डबा बांधलेली बाई रिकाम्या खोलीत हातवारे करते आहे, एवढंच. पण तुम्हीच लिहिलंय की बहारीनच्या नर्सबाई वाचता वाचता थांबल्या, त्यांचा आवाज भरून आला, कट्टा गप्प झाला, आणि मग त्यांचं उरलेलं वाक्य तुम्ही वाचून पुरं केलंत. हुंदका बहारीनमधल्या एका बाईचा होता आणि तो विश्रामबागेतल्या एका बाईने सावरला. मधे यंत्र होतं म्हणून त्यातलं काही कमी झालं, असं मला वाटत नाही.

नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू क्षीण होत जाणारा ड्युशेन नावाचा आजार, हालचाल चाकाच्या खुर्चीतून. दिवसाचे कितीतरी तास तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात असायचा. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना एकच खंत होती, की पोराला कधी मित्र मिळाले नाहीत. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं कळवलं आणि उत्तरांचा ओघ सुरू झाला. खेळातले सोबती लिहीत होते, त्याने आपल्याला कसा धीर दिला, घरच्यांशी पुन्हा बोलायला कसं लावलं. काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. हे मी जाऊबाईंसाठी सांगतेय. तुमच्यासाठी यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे: मॅट्सनेही आपला आजार त्या मित्रांपासून बराच काळ लपवला होता. कळल्यावर मित्र गेले नाहीत.

म्हणजे जग खोटं नाही. पण तुम्हाला झोप येत नाही, हेही खरं आहे. कुठेतरी काहीतरी टोचतंय, आणि ते नेमकं काय हे शोधायला हवं.

तुम्ही सांगलीच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्या गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा समोर बसलेल्या संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना सीतेच्या सोंगात पुरुष आहे हे ठाऊक होतं. नागठाण्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या बालगंधर्वांसारखं पातळ नेसायचा, गजरा माळायचा सोस घरंदाज बायकांना लागला, तोही ते नारायणराव राजहंस आहेत हे माहीत असून. कुणाला फसल्यासारखं वाटलं नाही. सोंग सगळ्यांना ठाऊक असलं की त्याचं नाटक होतं. एकट्यालाच ठाऊक असलं की त्याचं ओझं होतं, आणि ते ओझं हल्ली रात्री तुमच्या उशाशी येऊन बसतंय.

तरी मला एक शंका आहे. ते खरंच तुम्हाला पस्तिशीची समजतात का?

रूप बदलता येतं ताई, पण आवाज तुमचाच जातो. पस्तीसएक वर्षं चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज आहे. ज्या ठसक्यात तुम्ही 'ळ' म्हणत असाल तो आजच्या पस्तिशीतल्या किती मुलींचा असतो? आणि हेडसेट नुसतं तुम्हाला दाखवत नाही, तुम्हालाही टिपतं. डोकं किती उंचीवर आहे, हात कुठे आहेत, हे सतत वाचून तो अवतार हलवला जातो. तुम्ही खुर्चीच्या दांड्याला धरून, आधी एक हात, मग दुसरा, असं बेताबेताने उठत असाल तर कट्ट्यावरची ती पस्तिशीतली बाईही तशीच उठते. नुसत्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरून माणूस ओळखता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. आपण गल्लीच्या टोकाला आलेला माणूस चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखतो, तसंच. माझा अंदाज असा की कट्ट्यातल्या निम्म्यांना तुमच्या वयाचा अदमास केव्हाच आलेला आहे आणि त्यांनी तो विषय तुमच्यावर सोडलाय.

माझा अंदाज चुकीचाही असेल. म्हणून सांगायचं ते सांगायचंच.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. रूप मुलाने दिलं, तुम्ही बदललं नाही. टोपणनाव घेतलं, तेही सावधपणा म्हणून ठीकच. अनोळखी जागी बाईमाणसाने खरं नाव-पत्ता लगेच सांगू नये, असं मी कुणालाही सांगेन. यात तुमच्याकडून काही वावगं घडलेलं नाही. 'सोमवारी ऑफिस आहे' हे मात्र खोटं होतं. एक वाक्य होतं, पण होतं. माफी मागायची ती तेवढ्या एका वाक्याची. दीड वर्षाची मागू नका.

आणखी एक. तुम्ही लिहिता, 'तिथली धीट बाई मी नाहीच.' स्टॅनफर्डमध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. देखणा अवतार मिळालेली माणसं समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभी राहत, स्वतःबद्दल जास्त मोकळेपणाने सांगत. उंच अवतार मिळालेली माणसं घासाघीस जास्त नेटाने करत. रूपाने वागणं बदलतं, हे खरंच. पण तुमच्याच पत्रात सहाव्या पानावर आहे, की सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या मोटरीवरून तुम्ही यंदा पहिल्यांदा उठून बोललात. तिथे तुमच्या डोक्यावर हेडसेट नव्हतं. धीटपणा शनिवारी बाहेर आला असेल, पण तो आला तुमच्यातूनच, आणि आता घरीच राहायला आलाय.

गुपचूप सोडण्याचा विचार मी उडवून लावत नाही. काही ठिकाणी तोच योग्य असतो: कुणी छळत असेल, पैशाचा तगादा असेल, दहशत असेल, तर निरोप न देता निघून जावं आणि मागे वळून पाहू नये. इथे तसं काही नाही. तुम्हीच लिहिलंय की पावसाळ्यात कट्टा सुरू होताना पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला, म्हणजे आपल्या कृष्णेवरच्या पुलाला, पाणी किती फुटांवर?' न्यू जर्सीतल्या माणसाला चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे तुमच्यामुळे पाठ झालंय. अशी माणसं एका शनिवारी तुम्ही दिसला नाहीत तर काय समजतील? त्यांच्याकडे तुमचा नंबर नाही, खरं नावही नाही. विचारायचं कुणाला, हेही त्यांना कळणार नाही. कट्टा सोडायचा असेल तर तोही सांगून सोडा.

सांगाल तेव्हा आवाजात सांगा, लिहून नको. लिहिलेलं माणसं पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यात नसलेलं शोधतात. आणि लवकर सांगा, कुणी रेल्वेची तिकिटं काढायच्या आत. एवढं पुरे: 'मंडळी, वाचनाआधी दोन मिनिटं. माझं खरं नाव अमुक. मी एकसष्ट वर्षांची आहे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. हे रूप मुलाने करून दिलं आणि मला आवडलं म्हणून ठेवलं. मागे ऑफिसचं बोलले ते खरं नव्हतं, त्याबद्दल माफ करा. सांगलीला याल तेव्हा जिना टाळणारी एक बाई तुम्हाला भेटेल.' एवढं बोलून थांबायचं. आपण शिक्षक लोक समजावून सांगायला लागलो की थांबत नाही, तो मोह इथे टाळा. कुणी दुखावलं गेलं तर वाद घालू नका, त्यांना वेळ द्या. एखादा कट्टा सोडूनही जाईल. तो त्याचा हक्क आहे. अवताराचे केस पांढरे करायचे का, हे नंतर सावकाश ठरवा. मला विचाराल तर ती वेणी राहू द्या.

नागपूरच्या गृहस्थांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी तुम्हाला आपलं वय सांगितलं, पत्नीच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. बाकीच्यांशी तुमची बरोबरीची ओळख आहे. इथे एका बाजूने पानं उघडी आहेत आणि दुसऱ्या बाजूने मिटलेली. म्हणून कट्ट्याला सांगण्याच्या एक शनिवार आधी, वाचन संपल्यावर तुम्ही दोघं थांबता तेव्हा, त्यांना आधी सांगा. चारचौघांत त्यांना पहिल्यांदा कळलं तर त्यांना लागेल, आणि ते लागणं रास्त असेल.

तुम्ही लिहिलंय, 'त्यांची वाट बघते असं म्हणायची लाज वाटते.' लाज कशाला, ताई? चार वर्षं घरात दुसरा आवाज नाही. एखाद्या आवाजाची वाट बघितली तर कुणाचं काही घेतलं नाही तुम्ही. फक्त इतकं लक्षात घ्या की तुम्ही आवाज ओळखता, माणूस अजून ओळखायचा आहे. प्रत्यक्ष भेटीच्या आधी दोन-तीनदा साधा व्हिडिओ कॉल करा, उजेडात, चेहरा दिसेल असा. जो दर वेळी कॅमेरा बिघडल्याचं कारण सांगतो त्याच्याशी सावध राहायचं. त्यांच्या गावात, नोकरीच्या ठिकाणी त्यांना ओळखणारं कुणी तुमच्या ओळखीत निघतं का बघा. लग्न जुळवताना आपण चौकशी करतोच, तेव्हा कुणाला अपमान वाटत नाही.

आणि पैसा. त्यांनी दीड वर्षात एक रुपया मागितला नाही, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, म्हणजे मनात ती काळजी आहेच. ती चांगली आहे. हा नियम सगळ्याच वाचकांनी पाळावा: प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाने आजारपण, अडकलेलं पार्सल, गुंतवणूक, काहीही कारण सांगून पैसे मागितले तर तिथेच संभाषण थांबवायचं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे जायच्या आत गोठवण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे अशी कितीतरी पत्रं येतात ज्यांत माणसाने आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही, आणि त्या आठवड्यातच सगळं हातचं गेलं.

पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते भिशीचं. तुम्ही त्यावर तीन ओळी लिहिल्यात आणि पुढे गेलात. बावीस वर्षांची भिशी एका जिन्यामुळे सुटली? तुम्ही तळमजल्यावर राहता. भिशी तुमच्याकडे भरू शकते, निदान एका महिन्याआड. कुणी सुचवलं नसेल, कारण तुम्ही 'मला जमत नाही' म्हणालात आणि त्यांनी ते मान्य केलं. तुम्हीच फोन करा. 'पुढची माझ्याकडे' एवढंच म्हणा. आणि गुडघ्यांसाठी मिरजेला जाऊन नीट तपासून या; एवढी इस्पितळं हाताशी असताना नुसतं तेल चोळत बसू नका. शनिवारचा कट्टा हा तुमच्या आयुष्यातला एक कट्टा असावा. एकमेव असू नये.

आता बॅचचं संमेलन. माझं उत्तर आहे, भरवा. 'बाकीच्यांना ओढू नये' ही भीती मघाशी बोललो त्या ओझ्यातून आली आहे. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, लपवायचं काही नाही.

पण व्हिडिओ कॉल का नको, असं कुणीतरी विचारेलच. व्हिडिओ कॉलवर चाळीस जण चौकटीत बसतात, एक बोलतो, बाकीचे बघत राहतात. बेलेन्सन यांनीच २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर, जागचं हलता न येणं, आणि खाणाखुणा पोचवायला-समजायला पडणारे जादा कष्ट. आभासी जागेत आवाज अंतराप्रमाणे येतो. जवळच्याचा मोठा, लांबच्याचा बारीक. त्यामुळे व्यासपीठावर भाषण चालू असताना मागे चौघी जणी कोपऱ्यात सरकून 'तुला आठवतं का गं' करू शकतात. संमेलनाला माणसं भाषणांसाठी जात नाहीत, या कोपऱ्यांसाठी जातात, आणि व्हिडिओ कॉलला कोपरेच नसतात.

हेडसेट तीन-चार जणांकडेच असेल. म्हणून जागा अशी निवडा की साध्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवरही उघडेल. कुणालाही या निमित्ताने हेडसेट विकत घ्यायला लावू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांनी चाकं नसलेल्या खुर्चीत बसूनच वापरावं. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला आपण बसलोय असं कळतं, या विसंगतीमुळे पहिल्या दिवसांत गरगरतं, मळमळतं. मलाही गरगरलं होतं. माझ्या भाचीने मला पंधराव्या मिनिटाला ते काढायला लावलं, आणि ते बरंच केलं. सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट पोचण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती निवडा. चक्कर, अपस्मार किंवा हल्लीच डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट नको. चष्म्यासाठी आत थोडी जागा ठेवणारी चौकट मिळते, ती लावा, नाहीतर काचेला काच घासते.

आदल्या रविवारी रंगीत तालीम हवीच, आणि तीही दोनदा. पन्नास मिनिटांपेक्षा जास्त मोठा कार्यक्रम ठेवू नका. दाराशी कुणालातरी उभं करा, येणाऱ्याला 'इकडे या, माइक असा चालू करा' सांगायला. एखादी नात हे काम हौसेने करेल. अवताराच्या डोक्यावर नाव दिसतं, तिथे माहेरचं आडनाव लिहायला सांगा. चाळीस वर्षांपूर्वीच्या हजेरीत तुम्ही सगळ्या माहेरच्या नावाने होता, आता सासरच्या आडनावावरून कुणी कुणाला ओळखणार नाही. काही मंडळी सांगलीत एकत्र बसून सामील होणार असतील तर त्या खोलीत एकच माइक चालू ठेवा, दोन यंत्रांचे आवाज एकमेकांत घुमतात. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. ऐकू कमी येणाऱ्या, नजर अधू झालेल्या मैत्रिणींना प्रत्येकी एक जोडीदार द्या, जो फोन लावून 'आता हे चाललंय' सांगत राहील. रेकॉर्डिंग करायचं तर आधी सगळ्यांची परवानगी घ्या.

खोली खाजगी ठेवा, दुवा फक्त बॅचच्या गटात, आणि तोही त्याच सकाळी. सार्वजनिक जागेत कुणीही घुसतं आणि काहीही करतं. आभासी जगातही अवतार अंगाशी येऊन लगट करतात, बायकांच्या तशा तक्रारी झाल्या, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीला आपल्या होरायझन या आभासी जगात दोन अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी सोय आणावी लागली. तुमच्या जागेत अशी सोय कुठे आहे, एखाद्याला बंद कसं करायचं, हे दोन्ही तालमीतच शिकवा. घाबरायला लावायला नको, पण माहीत असावं.

एक प्रस्ताव कदाचित येईल, म्हणून आधीच सांगते. तमिळनाडूत २०२२ मध्ये एका जोडप्याने लग्नाचा स्वागतसमारंभ आभासी जगात केला, त्यात वधूच्या दिवंगत वडिलांचा अवतार आशीर्वाद द्यायला उभा होता. त्या लेकीची ती इच्छा होती, तिच्यासाठी ते मोठंच असेल. पण बॅचमधल्या गेलेल्या मित्रमैत्रिणींचे अवतार करू या, असं कुणी म्हणालं तर घरच्यांना विचारल्याशिवाय मुळीच नको, आणि माझं मत विचाराल तर विचारूनही नको. भिंतीवर त्यांचे तेव्हाचे फोटो लावा, खाली नाव, गाव, शेवटची शाळा. तेवढ्यानेच डोळे भरून येतील.

आणि आठवडाभर आधी प्रत्येकीला भडंगाचं एक पाकीट कुरिअर करा. चहाच्या वेळी सगळ्यांनी एकदम फोडायचं. तोंडात एकच चव असली की लांबची माणसं फार लवकर जवळ येतात.

एक गोष्ट कट्ट्याला आणि बॅचला, दोघांनाही लागू. ही जगं कुणाच्या तरी मालकीची आहेत. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग २००३ पासून आजवर चालू आहे, लोक तिथे वीस-वीस वर्षं जोडलेले आहेत. स्वीडनने २००७ मध्ये तिथे चक्क दूतावास उघडला होता. पण गूगलचं लाइव्हली २००८ च्या जुलैत सुरू झालं आणि डिसेंबरअखेर बंद. मायक्रोसॉफ्टचं अल्टस्पेसव्हीआर १० मार्च २०२३ ला बंद झालं, मोझिलाचं हब्ज ३१ मे २०२४ ला. तिथेही असेच शनिवार भरत असतील. कंपनी तारीख जाहीर करते आणि त्या दिवशी कट्टा, बाकडी, ओळखीचा कोपरा, सगळं जातं. माणसं टिकवायची तर त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता आधीच करून ठेवावा लागतो. तुम्ही खरं सांगितलंत की त्याच शनिवारी वहीत नंबर उतरवून घ्या. हो, कागदाच्या वहीत, खऱ्या नावांसकट.

आता ५ नोव्हेंबर. पाहुण्यांना घरी उतरवायचं नाही, तुम्ही एकट्या राहता. त्यांनी आपापली हॉटेलं बघावीत, तुम्ही फक्त रेल्वे स्टेशनपासून कोणतं सोयीचं ते सांगा. पहिली भेट गणपती मंदिरात किंवा नाट्यगृहाच्या आवारात, दिवसाउजेडी. जाऊबाईंना बरोबर घ्या, पाहुण्या म्हणून नाही, यजमान म्हणून. हरिपूरचा संगम दाखवायची जबाबदारी त्यांचीच. शक्य तर त्याआधी एका शनिवारी त्यांना तुमच्या शेजारी बसवा, हेडसेट नको, नुसता स्पीकरवर आवाज ऐकू द्या, बहारीनच्या बाई वाचत असताना. मुलालाही आधी फोन करा. परवानगी मागायला नव्हे. तो सगळा उद्योग त्याने सुरू करून दिला, त्याला कळायला हवं की तो कुठवर आलाय.

त्या दिवशी भावे गौरव पदकाच्या समारंभाला गर्दी होते. तुम्ही सगळ्यांच्या आधी जा, आणि रांगेच्या कडेची खुर्ची धरा, म्हणजे गुडघा लांब करता येईल. शेजारच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवा.